चिखलाचा दर

पणजीच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं :
मागास भागांसाठी आलेला निधी कोणता देश कसा वापरतो.
पडद्यावर विमानतळ आला, नवाकोरा,
धावपट्टीवर शेळ्या चरत होत्या.
देशाचं नाव आता आठवत नाही.
मग डोंगरातलं एक गाव,
तिथं म्हणे दवाखान्यासाठी आलेल्या पैशातून
दवाखानाच झाला.
सभागृहात कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.

परतलो तर टेबलावर फाईल :
मंडूर, खाजन परिसर विकास.
मंजुरी अठरा मार्चची,
एकतीसच्या आत खर्च करा
नाहीतर आली तशी परत दिल्लीला.

बांधावर गेलो. सोबत इंजिनियर लोटलीकर,
बूट हातात घेऊन.
मानशीच्या फळ्यांपाशी कायतान मास्कारेन्यस उकिडवा बसला होता.
कुठं गळतंय, विचारलं.
त्यानं बोट दाखवलं नाही,
माझं मनगट धरून हात पाण्यात घातला.
बांधाच्या पोटात कोपरभर आत
कुर्ल्यांनी पाडलेलं बीळ,
आणि त्यातून नदी भाताकडे निघालेली,
चोरासारखी नव्हे,
घरच्या माणसासारखी, सावकाश.

"चिखल लागेल," तो म्हणाला. "ओहोटीचा, चिकट.
पेंढा. बारा माणसं, चार दिवस."

लोटलीकरनं दरपत्रक उघडलं.
जांभा आहे. सिमेंट आहे.
पेव्हर, रंगीत आणि बिनरंगी.
बाक, पाठ असलेला. बाक, पाठ नसलेला.
सौरदिवा.
चिखल नाही.
चिखल ही वस्तू शासनाला एकाच जागी ठाऊक आहे :
पान एकशे बारा, "काढून टाकणे" या सदराखाली.

नऊ दिवसांत अकरा बाक बसले, सहा दिवे लागले.
एवढी चपळाई मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.
सरपंच सुलक्षा कुंडईकरांनी फीत कापली.
कायतान पाठ असलेल्या बाकावर बसला,
पाठ न टेकता.
त्याची बायको आपोलिन म्हणाली,
दिवा बरा आहे हो,
आता रात्रीचंही भोक दिसतं.

त्या रात्री झोप लागली नाही.
पान एकशे बारा पुन्हा काढलं.
ओहोळातला गाळ काढून टाकणे, प्रति घनमीटर, मजुरीसह.
कुठं टाकणे?
रकाना नव्हता.
निधीत थोडी शिल्लक होती. मार्चचे चार दिवस उरले होते.
बारा माणसांची हजेरी मीच मांडली.

विनियोग प्रमाणपत्रात लिहिलं :
निधी ज्या कारणासाठी आला
त्याच कारणासाठी वापरला.
सही करताना पहिल्यांदाच हात थरथरला,
एरवी खोटं असतं तेव्हा थरथरत नाही.

आता दीड वर्षानं लेखापरीक्षेची टाचणी आली आहे :
"काढलेल्या गाळाची विल्हेवाट आढळून येत नाही.
खुलासा करावा."
खुलासा अजून दिलेला नाही.
साहेब आले की त्यांना भरतीच्या वेळी बांधावर न्यावं,
मनगट धरून हात पाण्यात घालायला लावावा,
एवढंच डोक्यात आहे.
कोरगूट यंदा गुडघ्यापर्यंत आलंय.
दोन दिवे बंद पडले आहेत.