कशाचा दोर

त्रिएस्तेत बोरा सुटला, वारा म्हणजे वाराच तो,
की चढाच्या रस्त्यांवर खांबाखांबाला दोर बांधत,
म्हाताऱ्यांना धरून चालायला.
दोर आमच्या दुकानातला.

त्या दुपारी दार ढकलून कोशुता आत आले,
टोपी बंदराकडे उडालेली.
टेकडीवरच्या संस्थेत ते नक्की काय करतात
हे बाबांनी वीस वर्षांत विचारलं नव्हतं.
आता वारा पडेपर्यंत वेळच वेळ होता.

कोशुतांनी काउंटरवरचा खिळा उचलला.
हा फोडत गेलात तर अणू.
अणूच्या पोटात केंद्रक, त्यात प्रोटॉन,
प्रोटॉनमध्ये क्वार्क.
इथवर प्रयोगांची साक्ष आहे.
पुढचा आमचा तर्क: तळाशी ठिपके नाहीत,
तंतू आहेत, थरथरणारे, सगळे एका जातीचे.
असा थरथरला तर इलेक्ट्रॉन,
तसा थरथरला तर उजेड.

"कशाचा तंतू?"
ताग, काथ्या, नायलॉन:
बाबांचा जन्मभर हाच पहिला प्रश्न.
कोशुता अडखळले.
"कशाचाच नाही. सगळं त्याचं बनतं,
तो कशाचा नाही."
"मग मीटरला भाव काय लावू?"

शिवाय त्याला हलायला नऊ दिशा लागतात म्हणे.
बाबांनी बोटांवर मोजल्या:
लांबी, रुंदी, उंची.
"उरलेल्या सहा?"
"गुंडाळलेल्या. फार बारीक."
कोशुता हवेत हात फिरवत राहिले.
शेवटी बाबांनीच नांगराचा जाड दोर ओढला,
टोक उसवलं: आत पेड, पेडात सूत,
एकाला उजवा पीळ, दुसऱ्याला डावा.
"गिऱ्हाईक लांबी मागतं.
पीळ कुणी मोजत नाही.
पण सुंभ जळाला तरी तोच उरतो."
कोशुतांनी ते पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.

"पाहिलाय कुणी हा तंतू?"
"नाही."
"दिसेल?"
"मी असेपर्यंत तरी नाही.
कदाचित आमचं चुकतही असेल."
ओढून पाहिल्याशिवाय
बाबांनी हातभर सुतळी विकली नव्हती कधी.
ते काही बोलले नाहीत. कॉफी ठेवली.

अंधारून आल्यावर कोशुता निघाले,
दोर धरून, वाकून, चढावर.
दहा पावलांत दिसेनासे झाले.
बाबा दारात उभे, दोरावर तळहात ठेवून.
वाऱ्याची थरथर निराळी, माणसाची निराळी,
म्हणाले, बघ, अजून चालतोय.
मीही हात ठेवला. खरंच, कुणीतरी होतं.

मग नुसता वारा उरला.
"पोचला," बाबा म्हणाले.
"किंवा हात सुटला," मी म्हणाले.