काळ्याच्या तीन प्रती

टोलेडोत, बाहेर गुडघाभर बर्फ,
वेंडेल प्रोकॉप एकच खून
तीनदा बघतो.

टेपवर जिना नुसता काळा.
खुनी कुठून आला,
टेपलाही ठाऊक नाही.

डीव्हीडीत दाणा इतका घासलाय
की पाऊसही धुऊन गेला,
नायिकेचा गाल मेणाचा.

नव्या डिस्कवर मात्र सगळं दिसतं:
कोटाचं लोंबतं बटण,
भिंतीवर चक्क रंगवलेली सावली,
आणि जिन्याखाली तो,
पहिल्यापासून उभा.

"मी म्हटलं नव्हतं?"
बर्निस म्हणाली असती.

वेंडेल पुन्हा टेप लावतो.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
पांढऱ्या रेघा थरथरतात.
इथेच ती रिमोट दाबायची,
मागे, अजून मागे,
दार उघडायच्या आधीपर्यंत.

ट्रॅकिंगच्या बटणाला
तो हात लावत नाही.