सव्वीस नंबर

बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
बेअरिंग तपासली मी.
दहा मायक्रॉन इकडेतिकडे झालं
की लाल ठिपका, आणि भंगाराच्या ट्रेत.
गय नाही.

रिटायर झालो आणि गोठिवलीच्या घरावर,
गच्चीतल्या पत्र्याखाली,
जिथून पारसिकचा डोंगर अर्धाच दिसतो,
असील पाळायला लागलो.
झुंजीसाठी नाही. आधीच सांगतो,
कारण जो तो तेच विचारतो.
स्टँडर्डसाठी.

स्टँडर्ड म्हणजे नऊ पानांची झेरॉक्स,
पाचव्या पानावर सुगंधाच्या हळदीचा अंगठा.
चोच पोपटाची, आखूड, जाड.
तुरा वाटाण्याचा, तीन ओळी, कवटीला घट्ट.
डोळा मोत्याचा. गळ्याखाली लोंबतं काही नको.
शेपूट जमिनीकडे झुकलेली.
पीस कडक, अंगाबरोबर.
रंग काळा म्हणजे काळाच,
उन्हात धरला की भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक.
गुण शंभर.
असा कोंबडा जगात नाही,
हे त्या नऊ पानांत कुठेच लिहिलेलं नाही.
मला पाच वर्षांनी कळलं.

पायात कड्या, वहीत आईबाप.
जे बसले नाहीत ते आमच्याच टोपात.
अकराव्या उबवणीला
सव्वीस नंबर निघाला. निळी कडी.
नाव ठेवलं नाही.
बेअरिंगलाही ठेवत नव्हतो.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री
त्याचे पाय टूथब्रशने घासले,
नातवाच्या शाम्पूने आंघोळ,
सुनेचा ड्रायर, तुऱ्याला बोटभर खोबरेल.
तो राजासारखा नाही, पेशंटसारखा उभा होता.
आणि वाळवताना उजवा पंख उघडला तर
आत, तिसऱ्या ओळीत,
एक पांढरं.

सुगंधा म्हणाली, "उपट ना. कोन बगतंय?
मी तुजं पांढरं केस उपटते
तवा काय बोलतोस का?"

उपटलं.
तो एकदाच आखडला.
देठाला रक्ताचा ठिपका. लाल.
मी दिवा बंद केला.

कोपरखैरण्याच्या मैदानात मांडव,
दोनशे पिंजरे, दोनशे घसे,
आणि भिवंडीचे इद्रिस फकीह,
हातात पांढरे मोजे, चष्मा दोरीला.
चोच पाहिली. डोळा पाहिला.
छातीचं हाड बोटांनी वाचलं.
मग उजवा पंख.
बोट तिथे थांबलं.
मला तरी वाटलं, थांबलं.
चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघून
त्यांनी लिहिलं: चौऱ्याण्णव.

कप टीव्हीशेजारी आहे.
प्रमाणपत्राला सुनेने फ्रेम केली.
सातव्या आठवड्यात पीस परत आलं,
त्याच जागी, पांढरं,
जरा जास्तच स्वच्छ.

मग त्याची पिल्लं. नऊ.
काळ्या असिलाची पिल्लं लहानपणी पोटाला पांढरीच असतात,
म्हणून मी गप्प राहिलो.
दिवाळीपर्यंत बाळपिसं झडली, खरी आली.
नवांपैकी चार.
उजवा पंख, तिसरी ओळ.
मी वहीत काही खोडलं नव्हतं,
त्यांनीही नाही.

एके दुपारी फकीहना फोन लावला.
हवापाण्याचं बोललो, लसीचं बोललो,
मग सांगितलं.
पलीकडे बराच वेळ
नुसत्या त्यांच्या कोंबड्या ऐकू येत होत्या.
मग म्हणाले, "पीस ठेवलंय का?"
ठेवलंय.
"बरं केलंत. टाकू नका.
माझ्याकडे डबीभर आहेत."
आणि लसीच्या तारखेवर आले.

संध्याकाळी जुना व्हर्नियर काढला.
जबड्यात पीस धरलं, दाब न देता.
एकतीस पूर्णांक चार मिलीमीटर.
वहीत सव्वीस नंबरपुढे लिहायला गेलो.
त्याला रकाना नव्हता.
कडेला लिहिलं.