भोपळा

अक्षर चांगलं म्हणून मला खडू दिला.
नाहीतर मी सोळावा, आणि जर्सी पंधरा.
जिमखान्याबाहेरच्या काळ्या फळ्यावर
दर सोमवारी निकाल लिहायचा,
एवढंच माझं फुटबॉल.

पहिला सोमवार: शून्य – पाच.
दुसरा: शून्य – तीन. आम्ही म्हणालो, सुधारणा आहे.
तिसरा: शून्य – आठ.
आठाचा वळसा घेताना खडू मोडला
आणि मागून आर्ट्सचं कुणीतरी विचारलं,
हा कुठल्या गावचा एसटीडी कोड रे?

बेंद्रे सर मुळात खो-खोचे.
युनिव्हर्सिटीचं फुटबॉलचं पत्र आलं
तेव्हा स्टाफरूममध्ये कॅनव्हासचे बूट
त्यांच्या एकट्याच्या पायात होते.
रेषेबाहेरून ओरडायचे,
दिशा बदलू नको, ढमढेरे, दिशा बदलू नको!
आणि ढमढेरे, आज्ञाधारक मुलगा,
बॉलसकट सरळ निघायचा
चुन्याच्या रेषेपलीकडे,
एकदा तर थेट रसवंतीच्या घुंगरांपर्यंत.

गोलात तांबोळी.
बॉल जाळ्यातून काढायचा सावकाश,
आपल्या अंगणात आलेलं शेजारचं पोर
उचलून परत द्यावं तसा.
एकदा म्हणाला, जाळं धड असलं की बरं.
फाटक्यातून बॉल लांब जातो,
हरणाऱ्यालाच पळावं लागतं.

चौथा, पाचवा, सहावा सोमवार.
लिहिण्यासारखं काही नाही.
मी लिहिलं.

सातवी मॅच खडकीत, डिसेंबरात.
नदीकडून आलेलं धुकं
पेनल्टीच्या ठिपक्यावर बसून होतं.
त्यांची पोरं दारूगोळा कारखान्याच्या
क्वार्टर्समागे अनवाणी वाढलेली.
बॉल त्यांच्या पायाशी असा असायचा
जशी सुताराच्या कानावर पेन्सिल.
हाफटाइमला चार.
मग अजून दोन, घाई न करता.

आणि मग त्यांच्या एका उंच बॅकने
न बघता बॉल मागे दिला.
त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून
कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचं बोलत होता.
बॉल गेला,
इतका सावकाश, जणू पत्ता विचारत विचारत,
आणि आत जाऊन थांबला.

कुणीच ओरडलं नाही.
रेफ्रीने शिट्टी दिली तीसुद्धा विचारल्यासारखी.
मग ढमढेरेने, आयुष्यात पहिल्यांदा, दिशा बदलली
आणि आमच्याकडे धावत सुटला.
बेंद्रे सर पाण्याच्या ड्रमवर चढले,
भोपळा फुटला, भोपळा फुटला,
अहो सर, उतरा, ड्रम त्यांचा आहे.

तांबोळी मात्र आख्खं मैदान ओलांडून गेला.
पहिल्या हाफला हेच जाळं त्याचं होतं,
चार वेळा वाकला होता तिथे.
पाचव्यांदा वाकला.
बॉल काढला, जर्सीला पुसला,
मध्यावर आणून ठेवला
आणि उगाच थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

मॅच संपल्यावर आमच्यात गलका, सहा – एकने हरूनही.
त्यांच्यात शांतता.
तो उंच बॅक खांबामागे एकटा बसून
बुटाची ओली गाठ दातांनी सोडवत होता.
मी जवळ गेलो.
म्हटलं, नाव लागेल. फळ्यावर लिहायला.
त्याने बघितलं, मी हसतोय का ते.
मी हसत नव्हतो. थंडीने दात वाजत होते, तेवढंच.
म्हणाला, दीपेन थापा.
मग गाठ सुटल्यावर,
दी दीर्घ.

सोमवारी लिहिलं: एक – सहा.
खाली, गोल करणारा, आणि त्याचं नाव.
वर्षभरात त्या फळ्यावर लागलेलं एकमेव.
बेंद्रे सरांनी चष्मा वर करून वाचलं,
हा आपल्याकडे कुठल्या वर्गात आहे, विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
हजेरीपट घेऊन निघून गेले.

पुढे त्यावरच परीक्षेचं वेळापत्रक आलं.
ओल्या फडक्याने नीट पुसलं नव्हतं कुणी.
बुधवारी, अर्थशास्त्र पेपर दोनच्या मागे,
ती वेलांटी होती अजून.