डुबुक

सध्या तिच्याकडे अकरा शब्द आहेत.
आई, बाबा, दुदू, नको,
काऊ (यात कोंबड्याही येतात),
गेलं, अजून,
आणि उरलेले चार फक्त आम्हालाच कळणारे.

कास ओलांडून गाडी उतरायला लागली
तेव्हा मोबाइलची शेवटची कांडी गेली.
सुहृद म्हणाला, ऑफिसचा फोन यायचा होता गं.
दोन वळणांनी स्वतःच म्हणाला,
येऊ दे, लागणार थोडाच आहे!
मागच्या सीटवरून शाल्मली म्हणाली, गेलं.

बामणोलीत करायला काहीच नाही.
तेच करायला तर आम्ही कराडहून आलो होतो.
पण रजा मोठ्यांची असते.
ही आपली पहाटे पाचला उठून
माझ्या डोळ्यात बोट घालणार.

मग शाल, कानटोपी, एका हाताला ती,
दुसऱ्या हातात पारूबाईंनी दिलेला चहा,
आणि समोर पाणी आहे म्हणतात ते धुकं.
पलीकडचा डोंगर अजून कुणी आणून ठेवला नव्हता.
कुठेतरी लाँचला बांधलेली साखळी
हलली की वाजायची, तेवढाच काय तो जलाशय.

मी एक खडा टाकला. काही दिसलं नाही,
फक्त ऐकू आलं.
ती कितीतरी वेळ गप्प राहिली.
मग ओठांचा चंबू करून, अगदी हळू:
डुबुक.

बारावा.

त्या दिवशी सगळंच डुबुक झालं.
आमटीत भाकरी डुबुक.
बादलीत बाबाची किल्ली डुबुक
(ती सापडली, दुपारी, साबणाच्या पाण्यात).
सुहृद खाटेवर आडवा पडला, तोही डुबुक,
आणि चार वाजेपर्यंत वर आलाच नाही.
मी भिंतीला टेकून बसले होते. पुस्तक उघडं.
एकच पान तीनदा वाचलं
आणि तिन्ही वेळा आवडलं.

उन्हं कलताना बोटीत बसलो.
लाइफ जॅकेटात ती अशी बुडाली
की नुसते दोन डोळे आणि एक लाल बूट.
एकच का, ते मला काठावर कळायला हवं होतं.
दुसरा मघाशीच, चढताना, पाण्यात.

कोंडिबा उतेकरांनी मध्यावर इंजिन बंद केलं.
"हितं खाली आमचं गाव हुतं," म्हणाले,
जसं कुणी शेजारचं दुकान दाखवावं.
"ह्या अंगाला देऊळ, त्या अंगाला आमचं घर.
मी काय बघितलं न्हाई.
बाप तवा हिच्याएवढा. आजीनं टोपलीत घालून वर आणला."
आम्ही दोघं पाण्यात वाकून पाहायला लागलो.
आपलेच चेहरे, आणि त्यांच्यामागे आभाळ.
काय बोलावं ते सुचेना.

शाल्मलीला सुचलं.
डुबुक, ती म्हणाली, स्पष्ट, बोट खाली करून.

माझ्या पोटात गोळा आला. मी तिचा हात दाबला.
पण कोंडिबा हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
"बरूबर बोललीस बाय माझे,
येवढी वर्सं झाली, एका शब्दात कुनी सांगितलं न्हवतं."

परत येताना मी बुटाचं बोललेच.
साडेतीनशेचा, आठवडाही झाला नाही.
त्यांनी दोर खुंट्याला अडकवला, गाठ ओढून पाहिली.
"ऱ्हाऊ द्या ताई. गेला आसंल आमच्या वसरीवर.
बाच्या मापाचाच हाय."

रात्री ती झोपेत दोनदा हसली.
उरलेला बूट मी खिडकीत ठेवला होता.
सकाळी निघताना बॅगेत भरला नाही.
विसरले, असं मी सुहृदला सांगितलं.