श्क्लारीची गार

बोगूमिला खडे तळघरात ठेवते,
ओल्या फडक्यात, बीटच्या बरणीशेजारी.
उन्हानं रंग उडतो म्हणते. आईच्या अंगठीतला उडाला,
बटाटे काढता काढता.

बाप निकेलच्या भट्टीवर.
टेकडी फोडायची, धातू न्यायचा,
भेगेतली ही हिरवी गार
मुरुमासोबत रस्त्यावर पसरायची.
पोरं त्यावरून शाळेत.

गार. हातालाही तशीच लागते.
कणी दिसत नाही, भिंगातूनसुद्धा:
खडक कुजला, पाणी मुरलं,
पेजेसारखं काहीतरी भेगेत थिजलं,
आणि कुजताना सुटलेलं निकेल
त्यात राहून गेलं.
कुणी बोलावलं नव्हतं.

"आम्हीसुद्धा," ती म्हणते. "पंचेचाळीस साली, पूर्वेकडून,
जर्मनांच्या रिकाम्या घरात.
चुलीवर त्यांचं भांडं
कोमट होतं अजून."

व्रोत्सवाफचं गिऱ्हाईक विचारतं, पाचू का?
ती मान हलवते, नाही,
चाकावर पाणी सोडते.
पैलू पाडत नाही; यातून उजेड आरपार जात नाही,
आत शिरून बसतो.
म्हणून घुमटासारखा गोल.

अंगठी मात्र फडक्यात नाही.
खिडकीत आहे, पांढुरकी,
दिवसभर उन्हात.
भिजवायची राहिली, की भिजवायचीच नाही,
मी विचारलं नाही.