दोन किल्ल्यांचं कपाट

सकाळी साडेआठला सिस्टर कुरियन आणि मी
एकमेकींकडे न बघता आपापली किल्ली फिरवतो.
परळ. औषधांची खिडकी नंबर चार.

वरच्या फळ्यांवर शेड्यूल एच : लाल रेघ, डॉक्टरची चिठ्ठी.
खाली एच-वन : लाल चौकट, वेगळं रजिस्टर, तीन वर्षं जपायचं.
मग एक्स : चिठ्ठीच्या दोन प्रती, कुलूप.
आणि सगळ्यात आत, अंधारात,
दहा मिलिग्रॅमची एक गोळी
जिचा हिशोब दिल्लीपर्यंत जातो.

कॉलेजात या परिशिष्टांना चौदा मार्क होते.
तेव्हा वाटायचं, कुणी फार शहाणा माणूस
तागडी धरून बसला असेल,
एका पारड्यात उपयोग, दुसऱ्यात धोका,
काटा ठरेपर्यंत श्वाससुद्धा घेत नसेल.
आता नवऱ्याचा दारूचा परवाना वाचते :
प्रकृतीच्या कारणासाठी.

आज खिडकीशी हरिश्चंद्र कोयंडे, वय एक्याऐंशी,
बायकोची फाईल छातीशी.
जीभ, डावी बाजू.
सवयी : मिशरी, चाळीस वर्षं.
वाण्याकडे मिळायची,
साबणाशेजारी, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

सही करता करता थांबले.
"मॉर्फिन म्हणजे अफूच ना?"
अफूपासूनच, म्हटलं.
हसले. "मग आपली जुनी ओळख.
आईची सातची पाळी, मिलमध्ये.
जाताना बाळगोळी उगाळायची, बोटावर घेऊन चाटवायची.
भोंगा होईस्तोवर आम्ही निपचित.
चार भावंडं वाढलो तिच्यावर."

मी मोजत होते. मोजताना बोलायचं नसतं.

"पाच होतो," ते म्हणाले.

बेचाळीस. पुन्हा मोजल्या. बेचाळीस.
नाव, वय, नग, शिल्लक.
माझी सही, सिस्टरची सही.

मग काचेला तोंड लावून, हळूच,
मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून :
"सवय तर नाही ना लागणार तिला?"

काका, सवय लागायला वेळ लागतो.

हे मी म्हणायला नको होतं.
त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला,
तेवढ्यात मागून कुणी तरी खोकलं.
गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी रुमालात घेतल्या,
गाठ मारली,
ओढून पाहिली,
आणि गाठीवर आणखी एक.